शेतावरील लोखंडी डबा क्रेनवाचून कसा हलवावा

गेल्या काही वर्षांत आमच्या इकडील पुष्कळ शेतांवर एक नवीनच वस्तू दृष्टीस पडू लागली आहे. ती म्हणजे जहाजावरून माल वाहून नेण्याचा जुना लोखंडी डबा. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून हे डबे आपल्या लोकांच्या चांगले परिचयाचे झाले. समुद्रावरील कामास निरुपयोगी ठरले म्हणजे ते विक्रीस निघतात, आणि शेतकरी ते घेऊन त्यांस खिडकी पाडतो, आत फळ्या मारतो, व पंपाचा स्टार्टर, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या आणि राखणदाराची खाट इतका संसार त्यात मांडतो. कोणी यास कंटेनर म्हणतात, कोणी खोली म्हणतात. आम्ही येथे डबा असेच म्हणू.

डबा प्रथम शेतावर येतो तो मोटारीवर बसून व क्रेनच्या आकड्यास लटकून. त्या वेळी तो ठेवला तेथे जन्मभर राहणार अशीच सर्वांची समजूत असते. परंतु शेताच्या गरजा बदलतात. विहिरीची जागा बदलते, भावाभावांच्या वाटण्या होतात, मोजणी येते आणि डबा भलत्याच ठिकाणी उभा असल्याचे उघडकीस येते. क्रेन बोलवावी तर सभोवार ऊस उभा असतो, ओढ्यावरील साकव तिचे वजन सोसत नाही, आणि शंभर-दीडशे फुटांच्या कामास ती जे भाडे सांगते त्यात कित्येकदा दुसरा जुना डबा येऊ शकेल. अशा प्रसंगी गावच्याच माणसांनी व गावच्याच साधनांनी डबा हलविता येतो काय? येतो; मात्र तो कसा हलवावा याविषयी लोकांत जी कल्पना आहे ती उलटी आहे. लोक समजतात की खरे काम ओढण्याचे. ओढणे हे त्यातील सर्वात हलके काम होय. माणसे दगावतात ती डबा उचलताना, आणि चालता डबा थांबविताना.

इंदापूर तालुक्यातील एका गावी गेल्या वैशाखात असा एक डबा हलविला गेला. ते काम आम्ही आरंभापासून शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. सबब पुढील विवेचनास त्याचाच आधार घेत आहोत.

सदर डबा वीस फुटी होता. शासकीय मोजणी होऊन 'क' प्रत हाती आली तेव्हा असे दिसले की डब्याचा अर्ध्याहून अधिक भाग पाणंदीत उभा आहे. पलीकडील शेत चुलत भावाचे. त्याच्या उसाची मोटार त्या अरुंद वाटेने निघेना, व मागल्या गळिताच्या हंगामात त्यास ऊस डोक्यावरून बांधापर्यंत आणावा लागला. शब्दाने शब्द वाढून दोन घरांचे जाणेयेणे बंद झाले होते. गावनकाशा पाहण्याची सवय आपल्या शेतकऱ्यांनी लावून घ्यावी असे आम्हास नेहमी वाटत आले आहे. त्यात पायवाट एका तुटक रेषेने व गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखविलेली असते, आणि जागा ठरविण्यापूर्वी हा नकाशा पाहिला असता तर हे प्रकरण उद्भवलेच नसते. वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो, हे चुलत भावास ठाऊक होते व कागद तयारही होते. डब्याच्या मालकाने कागद दाखल होण्यापूर्वीच डबा आपल्या माळाच्या कडेस नेण्याचे ठरविले. अंतर बरोबर चार साखळ्या, म्हणजे १३२ फूट.

आता प्रथम वजनाचा हिशोब. वीस फुटी डबा रिकामा असता सुमारे २,२०० ते २,३०० किलो भरतो. तर्काची गरज नाही. दारावर 'टेअर' या शब्दापुढे रिकाम्या डब्याचे वजन किलोत रंगविलेले असते. पोटमाळा, फरशी, भिंतीचे आतले अस्तर इत्यादी जे मागाहून चढविले असेल ते त्यात मिळवावे. आणि सामान काढणे म्हणजे सर्व सामान काढणे. युरियाच्या ४५ किलोच्या चाळीस गोण्या आत राहू दिल्या तर १,८०० किलो वाढले, म्हणजे जवळजवळ दुसरा डबाच आत बसविला. जाता जाता एक सूचना. या डब्यांची जमीन जाड प्लायवुडची असून जहाजावर कीड जाऊ नये म्हणून तिला बहुधा विषारी औषध पाजलेले असते. तिच्यावर धान्य उघडे पसरू नये, व मुलांस त्यावर जेवावयास बसवू नये.

डबा पोकळ दिसतो, पण त्याचा जीव चार खांबांत व चार खालच्या कोपऱ्यांत आहे. कोपऱ्यास छिद्रे असलेले ओतीव लोखंडाचे ठोकळे असतात. ते बाकीच्या तळापेक्षा किंचित खाली उतरलेले असून सर्व भार त्यांवरच पडावा अशी बांधणी असते. त्यामुळे जॅक लावणे, दोर बांधणे, टेकू देणे ही सर्व कामे कोपऱ्यांशी करावी. मधल्या आडव्या पट्ट्यांस जॅक लावला तर पट्टी वाकते व जमीन वर फुगते. डबा जुना असेल तर आधी पहारीच्या टोकाने तळाच्या पट्ट्या ठोकून पाहाव्या. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज येऊन पापुद्रे गळू लागले तर तेथे लोखंड राहिलेले नाही, गंज राहिला आहे असे समजावे. भिंतीच्या पन्हळी पत्र्यातही बळ असते. ज्या डब्याची एक लांब भिंत कापून मोठे दार केले आहे, त्यास आत आडवातिडवा अँगल मारल्यावाचून उचलू नये. अँगल व पत्र्याची जी तयार केबिन मिळते ती वजनास हलकी, पण अंगाने त्याहूनही नाजूक. तिला फक्त तळाच्या चॅनेलशी धरावे.

काम कोणत्या दिवसांत करावे हे शेतकऱ्यास सांगणे म्हणजे मोराला नाचावयास शिकविणे होय. तथापि इतके लिहितो की, काळ्या जमिनीत वळवाचा एक शिडकावा झाला तरी काम पुढे ढकलावे. वरून वाळलेली ढेप पायास टणक लागते, परंतु पाव टनाचा भार एका तळहाताएवढ्या जागेवर आला म्हणजे ती दबते. उलट ऐन उन्हाळ्यात त्याच जमिनीस हात हात खोल भेगा पडतात; त्यांवर जाड फळ्या आडव्या टाकल्या म्हणजे भागते. उपरोक्त गावी मार्गातील भेगा मुरमाने बुजवून, ढेकळे फोडून, वर पाणी न मारता लाकडी मोगराने ठोकून घेतले होते.

डब्याखाली अनेक वर्षे अंधार, गारवा व उंदीर असतात, तेथे घोणस अथवा विंचू नसेल तर नवल. म्हणून आदल्या दिवशी चारी बाजूंचे गवत काढून, लांब काठीने तळ झोडपून, एक रात्र मोकळी जाऊ द्यावी. हात खाली घालावयाचा नाहीच. विजेची जोडणी मुख्य खटक्यापासून सोडवून घ्यावी, व मार्गावरून एखादी तार झोळ पडून गेली असेल तर वायरमनला बोलावून तिची व्यवस्था झाल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये. डबा साडेआठ फूट उंच. त्याखाली रूळ व फळ्या आल्या म्हणजे नऊ फुटांवर गेला, आणि त्याच्या टपावर बसून 'तार वर उचलतो' म्हणणारा एक तरी तरुण प्रत्येक गावात असतोच.

आता उचलण्याकडे येऊ.

एका वेळी एकच अरुंद बाजू उचलावी. म्हणजे अर्धे वजन दुसऱ्या टोकाने जमिनीवरच राहते व डबा घसरत नाही. त्या बाजूच्या दोन कोपऱ्यांस दोन जॅक, प्रत्येकी दहा टनांचे. ट्रॅक्टरवाल्यांकडे व ट्रकवाल्यांकडे ते असतात. प्रत्यक्षात एका कोपऱ्यावर सहाशे किलोंच्या आतबाहेर भार येतो, तेव्हा दहा टन हे फार मोठे वाटेल. परंतु मोठ्या जॅकची बैठक रुंद असते, आणि आपणास हवी आहे ती बैठक. जॅकखाली दोन फूट लांबरुंद जाड लाकडाची पाटी, आणि जॅकच्या डोक्यावर लाकडाची एक चकती. लोखंडावर लोखंड टेकले की ते तेलकट होऊन निसटते.

जॅक दोन इंच चढला की थांबावे व लगेच ठोकळे भरावेत. ठोकळे बाभळीचे किंवा जुन्या रेल्वे स्लीपरांचे, दोन असे व दोन तसे, विहिरीच्या कठड्याप्रमाणे चौकट रचून. मग पुन्हा दोन इंच. डबा जॅकवर कधीही 'उभा' राहू द्यावयाचा नाही. तो नेहमी ठोकळ्यांवर उभा असावा व जॅकने त्यास फक्त वर लोटावे. दगड, वीट किंवा सिमेंटचे ठोकळे टेकूस वापरण्याची जी सर्रास रीत आहे ती आम्हास अत्यंत निषिद्ध वाटते. दगड सूचना देत नाही. तो आतून चिरलेला असला तरी अखेरच्या क्षणापर्यंत तसाच दिसतो व मग एकाएकी दुभंगतो. लाकूड दबते, करकरते, तंतू सोडते, आणि तेवढ्यात माणूस बाजूस होतो. भीमेच्या पलीकडील एका वस्तीवर असाच डबा दगडांच्या उतरंडीवर घेतला होता. खालचा दगड ओल्या जागेत फिरला, आणि रूळ सरळ करण्यासाठी ज्या मुलाने पाय आत घातला होता त्याचा पाय घोट्यापासून गेला. त्या मुलाचे वय तेव्हा एकोणीस होते. रूळ सरकवावयाचा असेल तर तो पहारीने सरकवावा, हातापायाने नव्हे. हा एकच नियम पाळला तर बाकीच्या दहा चुका पोटात घालता येतील.

इंदापूरकडील कामात मालकाने एक चांगली युक्ती केली होती, ती इतरांनी घेण्याजोगी आहे. डब्याचा तळ सपाट नसतो, त्यामुळे रूळ कोपऱ्याच्या ठोकळ्यास अडतात व पट्ट्यांमधील खाचेत रुततात. म्हणून त्याने भंगारवाल्याकडून आठ इंची चॅनेलचे दोन तुकडे, प्रत्येकी २२ फूट, मागून आणिले व ते उताणे, म्हणजे पन्हळ वर करून, डब्याच्या दोन लांब बाजूंखाली घातले. कोपऱ्यांचे ठोकळे त्या पन्हळीत नेमके बसले. बाजूस लाकडी पाचरी मारल्या. मधल्या लांबीत दर तीन फुटांवर फळीचे तुकडे ठोकून चॅनेल वाकण्यास वाव ठेवला नाही. पुढची टोके तापवून किंचित वर वळविली होती. थोडक्यात डब्यास घसरगाडीची धावपट्टी मिळाली. तिच्याखाली रूळ. रुळांसाठी विहिरीवरील जुने तीन इंची लोखंडी पाइप. वीस फुटी पाइप मधून कापला की दहा फुटांचे दोन रूळ होतात व आठ फूट रुंदीच्या डब्याबाहेर दोन्हीकडे फूट फूट टोक राहते. असे सहा रूळ पुरतात, मात्र कोणत्याही क्षणी तीन रूळ भाराखाली असले पाहिजेत. रुळांखाली दोन ओळींत जाड फळ्या, बरोबर चॅनेलच्या रेषेत. मागे मोकळी झालेली फळी व रूळ उचलून पुढे आणावयाचे.

आता वर ओढणे हलके आहे असे आम्ही म्हटले, त्याचा हिशोब देतो. चॅनेल धरून वजन सुमारे २,६०० किलो झाले. इतके वजन लाकडी तळाने मातीवरून फरफटत न्यावयाचे तर अदमासे निम्मे, म्हणजे १,३०० किलोंची ओढ लागेल. तेच फळीवरील रुळांवरून नेताना विसावा हिस्सा, १३० किलोंच्या आसपास ओढ पुरते. चार गडी कप्पी लावून हे सहज करतात. परंतु जमीन वीस फुटांस एक फूट चढती असेल तर आणखी १३० किलो लागतात, आणि तितकीच उतरती असेल तर ओढ शून्यावर येते! म्हणजे डबा आपल्या पायांनी चालू लागतो. सपाट दिसणाऱ्या शेतात असा उतार डोळ्यास कळत नाही. म्हणून गवंड्याची पाण्याची नळी धरून मार्ग आधी पाहावा, आणि पुढच्या दोराइतकाच मागचा दोरही महत्त्वाचा मानावा.

त्या कामात मागचा दोर बांधावरील निंबाच्या बुंध्यास दोन वेढे देऊन एका वयस्क गृहस्थाच्या हाती दिला होता. डबा पुढे सरके तसा तो दोर हाताने सोडी. आवळला की डबा जागच्या जागी. शिवाय दोन माणसे पाचरी घेऊन रुळांच्या दोन्ही टोकांशी बाहेरून चालत. खानदेशात रथोत्सवाच्या वेळी रथाच्या चाकांस मोगरी लावणारे लोक असतात. रथ ओढणारे शेकडो असतात, पण रथ कोठे वळेल व कोठे थांबेल हे त्या मोगरीवाल्यांच्या हातात असते. डब्याच्या कामीही तीच गोष्ट आहे. वळण घेताना रूळ थोडे तिरपे करावे. ज्या बाजूस वळावयाचे त्या बाजूची रुळांची टोके घणाच्या हलक्या ठोक्याने मागे सारली म्हणजे डबा तिकडे वळतो. एकदम काटकोन करू नये, दर वारेस थोडे थोडे करावे.

ट्रॅक्टर लावला तर बिघडत नाही, पण त्याची शक्ती या कामास फार अधिक आहे, आणि अधिक शक्ती हीच येथे भीती. सर्वात खालचा गियर असावा, क्लच हलके सोडावे, हिसका देऊ नये. दोर नेहमी मागील खालच्या आकड्यास बांधावा. तो वरच्या आकड्यास किंवा धुरीवर उंच बांधला आणि डबा कोठे अडला, तर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलतात व तो मागे चालकाच्या अंगावर उलटतो. यास विचार करण्याइतकाही वेळ मिळत नाही. ताणलेल्या दोराजवळ कोणी उभे राहू नये, व तो ओलांडू तर मुळीच नये. नायलॉनचा दोर तुटला म्हणजे चाबकासारखा मागे येतो.

माणसांची व्यवस्था जुन्या इर्जिकीप्रमाणे केली होती. सकाळचे काम, दुपारचे जेवण, मजुरीचा प्रश्न नाही. आपल्याकडे गवती छप्पर दहा-वीस माणसांनी खांद्यावर घेऊन नव्या मेढींवर नेऊन ठेवीत, ते पाहिलेली माणसे अजून आहेत. मात्र छप्पर पडले तर गवत अंगावर पडे. येथे अडीच टन लोखंड आहे. म्हणून हुकूम देणारा एकच असावा, त्याने शिटी वापरावी, आणि 'थांबा' हा एकच शब्द मात्र कोणासही ओरडण्याची मुभा असावी. चौदा माणसे आली होती. न बोलाविता पंधरावा आला तो चुलत भाऊ, आपला ट्रॅक्टर घेऊन. त्यास कोणी या म्हटले नाही, व जा असेही म्हटले नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या टोकास मागच्या दोराच्या मदतीस लावण्यात आला. पहाटे साडेपाचास आरंभ झाला व उन्हे तापण्यापूर्वी, साडेनवाच्या सुमारास, १३२ फूट संपले.

नवी जागा आधीच तयार हवी. चार कोपऱ्यांखाली चार काँक्रीटचे ओटे, जमिनीपासून फूटभर उंच, चारींचे माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत. तळाखाली वारा खेळला तर गंज मंदावतो. उतरवितानाही उचलण्याचाच क्रम उलट करावयाचा: एक बाजू, दोन इंच, ठोकळा काढा, पुन्हा दोन इंच. येथे घाई होते, कारण स्वयंपाकाचा वास येऊ लागलेला असतो. डबा बसला की दोन्ही दारे उघडून व लावून पाहावी. पातळीत फरक असला तर डबा किंचित पिळला जातो, दार घासते अथवा कडी लागत नाही. मग ज्या कोपऱ्याखाली उणे असेल तेथे लोखंडी पट्टी सारावी. दार हे डब्याचे उत्तम पाणसळ आहे. हलकी पत्र्याची केबिन असेल तर ती ओट्यांस बोल्टने जखडावी. मृगापूर्वीचे वादळ तिला लोळविते.

वीज पुन्हा जोडण्यापूर्वी अर्थिंग नवे करावे. जुन्या जागेची सळई मागे राहिलेली असते हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. सबंध डबा लोखंडाचा. आत एका तारेचे आवरण खरचटले तर चारी भिंती व दाराची कडी यांत वीज उतरते, आणि पावसाळ्यात अनवाणी, ओल्या हाताने कडी धरणारा बहुधा घरचाच असतो. गळती होताच प्रवाह तोडणारा खटका मिळतो, तो बसवावा.

राहता राहिली जुनी जागा. वीस फूट बाय आठ फूट, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम सातवा हिस्सा. पण तेथे खिळे, तारांचे तुकडे व गंजाचे पापुद्रे पडलेले असतात. ते लोहचुंबक फिरवून वेचून घ्यावेत, नाहीतर पहिल्याच नांगरटीस ट्रॅक्टरचे टायर बसते. औषधांचे डबे जेथे सांडले असतील तेथील वीतभर माती काढून टाकावी. शेताकडील पट्टा टणक झालेला असतो, तो खोल नांगरून एक पावसाळा ताग घेऊन गाडावा. पाणंदीकडील पट्ट्यावर दोन्ही घरांनी मिळून चार ट्रॉल्या मुरूम टाकला, आणि हद्दीचे दगड मोजणीच्या खुणेवर दोघांच्या समक्ष पुरले.